अमेरिकी विद्यापीठांची विजेतेपदे : एका मोजदादीचा इतिहास

अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडास्पर्धांचा कारभार पाहणाऱ्या नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजेच एनसीएए, या संस्थेच्या नोंदींनुसार सर्वाधिक सांघिक विजेतेपदे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावावर असून त्यांची संख्या १३० च्या पुढे गेली आहे. त्याखालोखाल लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे यूसीएलए, १२० हून अधिक, आणि त्याच शहरातील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे यूएससी, ११० हून अधिक विजेतेपदांसह उभे आहे. इतर कोणतेही मोठे विद्यापीठ या तिघांच्या जवळपास नाही. विद्यापीठांमधील सामन्यांची प्रथा ज्या हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांनी घडवली ती सर्व अटलांटिकच्या किनाऱ्याकडची आहेत, आणि आज अग्रस्थानी असलेली तिन्ही पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या एकाच राज्यातील आहेत. या स्थलांतराचे कारण कॅलिफोर्नियातील खेळाडू अधिक गुणी असतात एवढेच सांगून भागत नाही, कारण कोणता खेळ मोजायचा, कोणाचे यश मोजायचे आणि कोणत्या वर्षापासून मोजायचे हे ठरवणाऱ्या निर्णयांनी ही यादी मैदानावरील पराक्रमाइतकीच घडवलेली आहे.

अमेरिकेतील पहिला आंतरविद्यापीठीय सामना ३ ऑगस्ट १८५२ रोजी न्यू हॅम्पशर राज्यातील विनिपसॉकी सरोवरात झाला. हार्वर्ड आणि येल यांच्या विद्यार्थ्यांमधील वल्ह्यांच्या नावांच्या या शर्यतीचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता, कारण त्या भागात पर्यटक यावेत आणि गाड्यांना प्रवासी मिळावेत अशी तिची इच्छा होती. म्हणजे विद्यापीठीय खेळ आणि व्यापारी हितसंबंध यांची गाठ पहिल्याच दिवशी पडली, ही गोष्ट पुढचा सगळा इतिहास वाचताना ध्यानात ठेवावी लागते. १८५९ साली ॲमहर्स्ट आणि विल्यम्स या महाविद्यालयांत बेसबॉलचा, तर १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात फुटबॉलचा पहिला सामना झाला. (येथे आणि पुढेही फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन आणि अंगावर धडका देत खेळला जाणारा अमेरिकी खेळ, १८६९ चा सामना मात्र त्या खेळाच्या अगदी प्राथमिक रूपाचा होता.) या काळात संघ विद्यार्थीच उभे करत, वर्गणी तेच गोळा करत आणि नियमही तेच ठरवत, प्राध्यापकवर्ग बहुतेक वेळा लांबून पाहत असे.

विद्यापीठांच्या प्रमुखांना या कारभारात हात घालावा लागला तो फुटबॉलमधील मृत्यूंमुळे. एकमेकांना बिलगून एकाच दिशेने चाल करणाऱ्या खेळाडूंच्या झुंडी हे तेव्हाच्या फुटबॉलचे मुख्य तंत्र होते, शिरस्त्राणे जवळजवळ नव्हतीच, आणि दर हंगामात कोवळ्या वयाची मुले मैदानावर प्राण गमावत होती. ऑक्टोबर १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्याची ताकीद दिली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्क विद्यापीठाचे कुलपती हेन्री मॅक्क्रॅकन यांनी बोलावलेल्या सभांमधून १९०६ साली एक राष्ट्रीय संघटना जन्माला आली. १९१० पासून ती एनसीएए या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या स्थापनेमागे खेळ सुरक्षित करणे हा हेतू होता; विजेते ठरवणे हे काम तिच्याकडे पुढे पंधरा वर्षे आलेच नाही.

ते काम १९२१ साली आले. त्या वर्षी शिकागो विद्यापीठाच्या मैदानावर एनसीएएची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मैदानी खेळांची, म्हणजे धावणे, उड्या आणि फेकी यांची, भरली आणि सांघिक विजेतेपद इलिनॉय विद्यापीठाने मिळवले. त्यानंतर एकेक खेळ यादीत येत गेला: जलतरण आणि कुस्ती विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, बास्केटबॉल १९३९ मध्ये, बेसबॉल १९४७ मध्ये, आइस हॉकी १९४८ मध्ये. दोन खेळ मात्र या वर्तुळाबाहेर राहिले आणि त्यांचे बाहेर राहणे साऱ्या मोजदादीवर परिणाम करून गेले. ज्या खेळाने ही परंपरा सुरू झाली त्या पुरुषांच्या वल्ह्यांच्या शर्यती १८९५ पासून स्वतंत्र संघटनेच्या हाती होत्या आणि आजही त्यांचे विजेतेपद एनसीएएच्या मोजणीत धरले जात नाही. दुसरा खेळ खुद्द फुटबॉल. त्याच्या सर्वोच्च पातळीवर एनसीएएने स्वतःची स्पर्धा कधीच भरवली नाही. राष्ट्रीय विजेता कोण हे दीर्घकाळ वृत्तपत्रांच्या आणि प्रशिक्षकांच्या मतदानाने ठरत असे, आणि २०१४ पासून ज्या बाद फेऱ्यांमधून ते ठरते त्यांची व्यवस्थाही वेगळी आहे. येल आणि प्रिन्स्टनच्या नावावर एकोणिसाव्या शतकातील फुटबॉलची डझनावारी विजेतेपदे सांगितली जातात, त्यांतील बरीचशी पुढे इतिहासकारांनी मागे वळून बहाल केलेली आहेत, आणि अलाबामा विद्यापीठाची सारी कीर्ती फुटबॉलवर उभी आहे. तरी एनसीएएच्या एकूण संख्येत यांपैकी एकही विजेतेपद मिळवले जात नाही. अमेरिकी जनता ज्या खेळासाठी लाखाच्या आसपास आसनांची मैदाने भरते तो खेळच या यादीत नाही, हे वाचकाने प्रथम समजून घेतले पाहिजे.

दुसरी समजून घेण्याची गोष्ट म्हणजे सांघिक आणि वैयक्तिक विजेतेपदांतील भेद. मैदानी खेळ, जलतरण, कुस्ती अशा स्पर्धांत प्रत्येक खेळाडूच्या क्रमांकाला ठरावीक गुण मिळतात आणि एका विद्यापीठाच्या सर्व खेळाडूंच्या गुणांची बेरीज करून सांघिक विजेता ठरतो. ओहायो स्टेट विद्यापीठाचा जेसी ओवेन्स याने १९३५ आणि १९३६ या दोन्ही वर्षी प्रत्येकी चार, अशी एकूण आठ वैयक्तिक विजेतेपदे मिळवली, आणि त्याच १९३६ च्या उन्हाळ्यात बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके जिंकली. पण त्या दोन्ही वर्षी सांघिक विजेतेपद यूएससीकडे गेले. यूएससीचे प्रशिक्षक डीन क्रॉमवेल यांच्या संघात दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या क्रमांकाने गुण आणणारे खेळाडू पुष्कळ होते आणि त्या भरण्याच्या बळावर त्यांनी १९३५ ते १९४३ अशी सलग नऊ वर्षे विजेतेपद राखले. कृष्णवर्णीय असल्यामुळे ओवेन्सला विद्यापीठाच्या आवारातील वसतिगृहात राहता येत नव्हते, त्याला क्रीडा शिष्यवृत्तीही नव्हती, आणि शिक्षणाचा खर्च तो मिळेल ती कामे करून भागवत होता. त्याच्या पराक्रमाला सांघिक यादीत जागा नाही, हे त्या यादीची मर्यादा दाखवणारे सर्वांत बोलके उदाहरण म्हटले पाहिजे. भारतीय वाचकांना परिचित असलेली नावेही याच कारणाने त्यात दिसत नाहीत: व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ साली टेनिसचे एकेरी विजेतेपद मिळवणारा सोमदेव देववर्मन आणि कॅन्सस स्टेट विद्यापीठाकडून २०१८ आणि २०२२ साली उंच उडी जिंकणारा तेजस्विन शंकर यांची विजेतेपदे वैयक्तिक होत.

सांघिक विजेतेपदे जमवण्याचे दोन मार्ग दिसतात. पहिला एकाच खेळात पिढ्यान्‌पिढ्या वर्चस्व राखण्याचा, आणि त्याचे उत्तम उदाहरण ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाची कुस्ती. त्याचे प्रशिक्षक एडवर्ड गॅलघर अभियांत्रिकीचे पदवीधर होते. तरफ आणि तोल यांचे नियम त्यांनी डावपेचांना लावून पाहिले, शेकडो पकडी शिकवण्यासाठी बांधून काढल्या आणि १९२८ ते १९४० या काळात अकरा राष्ट्रीय विजेतेपदे आणली. त्या विद्यापीठाची कुस्तीतील विजेतेपदे २००६ पर्यंत ३४ झाली, म्हणजे त्याच्या एकूण यशाचा अर्ध्याहून मोठा वाटा एका आखाड्यातून आला. यूएससीचा आरंभही याच पद्धतीचा होता: पुरुषांच्या मैदानी खेळांतील २६, टेनिसमधील २१ आणि बेसबॉलमधील १२ विजेतेपदे मिळून त्याच्या संपत्तीचा जवळजवळ अर्धा भाग होतो, आणि बेसबॉलच्या बारांपैकी अकरा रॉड डेडो या एकाच प्रशिक्षकाच्या कारकिर्दीतील आहेत. अर्कान्सॉ विद्यापीठात आयर्लंडहून आलेल्या जॉन मॅक्डॉनेल यांनी क्रॉसकंट्री, बंदिस्त आणि खुल्या मैदानावरील स्पर्धा मिळून ४० विजेतेपदे जिंकली. एका प्रशिक्षकाच्या नावावर इतके यश क्वचितच आढळते.

दुसरा मार्ग अनेक खेळांत पसरण्याचा, आणि तो कॅलिफोर्नियाने चोखाळला. जेथे वर्षभर उघड्यावर पोहता येते, टेनिस खेळता येते आणि जानेवारीतही धावपट्टी कोरडी असते, तेथे या खेळांचा सराव शाळकरी वयापासून होतो, हे नैसर्गिक कारण उघडच आहे. पण त्याहून निर्णायक ठरले ते १९६९ आणि १९७० सालचे एनसीएएचे दोन निर्णय. १९६९ मध्ये पुरुषांच्या वॉटर पोलोची आणि १९७० मध्ये पुरुषांच्या व्हॉलीबॉलची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली आणि दोन्हींचे पहिले विजेतेपद यूसीएलएने घेतले. व्हॉलीबॉलचे विजेतेपद कॅलिफोर्नियाबाहेर पहिल्यांदा गेले ते १९९४ साली, पेन स्टेट विद्यापीठाकडे. वॉटर पोलोचे पुरुषांचे विजेतेपद तर त्या राज्याबाहेर कधी गेलेच नाही. जे खेळ मोजक्याच राज्यांत रुजले होते त्यांना राष्ट्रीय दर्जा मिळाल्यामुळे त्या राज्यांतील विद्यापीठांना दरवर्षी विजेतेपदाची खात्रीशीर संधी लाभली, आणि या गोष्टीत कोणाचा दोष नसला तरी एकूण संख्येची तुलना करताना ती विसरता येत नाही.

यूसीएलएचे नाव जगभर झाले ते बास्केटबॉलमुळे. प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या संघांनी १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा विजेतेपदे जिंकली, त्यांपैकी सात सलग, आणि मध्यंतरी ओळीने ८८ सामने जिंकले. खेळाच्या इतिहासात त्या दहा विजेतेपदांचे मोल फार मोठे आहे, परंतु मोजदादीत ती दहाच भरतात. त्याच विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल संघाने प्रशिक्षक अल स्केट्स यांच्या हाताखाली १९ विजेतेपदे मिळवली आणि त्यांची आठवण त्या खेळाच्या जाणकारांपलीकडे फारशी कोणी ठेवली नाही. २००७ साली शंभर विजेतेपदे गाठणारे यूसीएलए हे पहिले विद्यापीठ ठरले, तेव्हा शंभरावे विजेतेपद आणणारा संघ महिलांच्या वॉटर पोलोचा होता.

महिलांच्या खेळांचा उल्लेख येथे ओझरता करून चालणार नाही, कारण आजच्या क्रमवारीची खरी किल्ली तेथेच आहे. एनसीएए पहिली साठहून अधिक वर्षे फक्त पुरुषांची संघटना होती. महिलांच्या खेळांसाठी १९७१ साली असोसिएशन फॉर इंटरकॉलेजिएट ॲथलेटिक्स फॉर विमेन, संक्षेपाने एआयएडब्ल्यू, ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. ती बहुतांशी शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापिकांनी चालवलेली होती आणि खेळाडूने आधी विद्यार्थिनी असावे, तिची खरेदी होऊ नये, या भूमिकेतून तिने सुरुवातीला क्रीडा शिष्यवृत्त्यांनाही विरोध केला. जून १९७२ मध्ये अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगाच्या आधारे भेदभाव करण्यास त्याने मनाई केली. कायद्याच्या मूळ वाक्यात खेळांचा उल्लेख नाही, परंतु मैदाने, प्रशिक्षक, शिष्यवृत्त्या हे सारे शिक्षणाचाच भाग असल्याने ते त्याच्या कक्षेत आले आणि विद्यापीठांना महिलांचे संघ उभे करणे भाग पडले.

एनसीएएने आधी या कायद्याच्या क्रीडाक्षेत्रातील अंमलबजावणीला विरोध केला आणि ती टळत नाही असे दिसल्यावर महिलांच्या स्पर्धा स्वतःच भरवण्याचे ठरवले. खालच्या गटांत १९८०-८१ पासून आणि सर्वोच्च गटात १९८१-८२ पासून या स्पर्धा सुरू झाल्या. एनसीएएकडे पैसा होता, दूरचित्रवाणीचे करार होते आणि स्पर्धेसाठी येणाऱ्या संघांचा प्रवासखर्च सोसण्याची ताकद होती; एआयएडब्ल्यूकडे यांतले काहीच नव्हते. १९८२ साली महिला बास्केटबॉलचे दोन राष्ट्रीय विजेते झाले, एनसीएएचा लुइझियाना टेक आणि एआयएडब्ल्यूचा रटगर्स, आणि त्यानंतर एआयएडब्ल्यूचा कारभार आटोपला. मक्तेदारीविरोधी कायद्याखाली तिने लावलेला दावाही फेटाळला गेला. १९७२ साली महिलांच्या विद्यापीठीय संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक महिला होत्या; एनसीएएच्या छत्राखाली संघ आणि पैसा दोन्ही वाढले, पण महिला प्रशिक्षकांचे प्रमाण निम्म्याच्या खाली आले. त्याहून खेदाची गोष्ट ही की, एआयएडब्ल्यूच्या दशकभरातील विजेतेपदे एनसीएएच्या एकूण संख्येत धरली जात नाहीत. ॲन मेयर्स हिच्या नेतृत्वाखाली यूसीएलएने १९७८ साली जिंकलेले बास्केटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद विद्यापीठाच्या अभिमानाचा विषय असले, तरी त्या १२० हून अधिकांत नाही. ज्या संस्थेने महिलांच्या स्पर्धा घडवल्या तिचा हिशेब तिला संपवणाऱ्या संस्थेच्या वहीत शून्य ठरावा, हा अन्याय आहे आणि तो दुरुस्त व्हायला हवा.

या नव्या पर्वात ज्यांनी आधी पाऊल टाकले त्यांना त्याचा लाभ दीर्घकाळ मिळाला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने महिलांचा सॉकरचा (आपल्याकडील फुटबॉलचा) संघ अन्य बहुतेकांच्या आधी गांभीर्याने उभारला आणि १९८२ ते २००० या काळात झालेल्या एकोणीस एनसीएए स्पर्धांपैकी सोळा जिंकल्या, त्यांतील नऊ सलग. या संघाचे प्रशिक्षक ॲन्सन डॉरन्स यांचा जन्म १९५१ साली मुंबईत झाला. बालपण आशिया, आफ्रिका आणि युरोपातील निरनिराळ्या देशांत गेल्यामुळे, अमेरिकेत ज्या खेळाकडे त्या काळी फारसे कोणी पाहत नव्हते तो त्यांच्या अंगवळणी लहानपणीच पडला होता. पुढे त्यांनी अमेरिकेच्या महिला संघाला १९९१ चा पहिला महिला विश्वचषकही जिंकून दिला.

स्टॅनफर्डने हे धोरण एका खेळापुरते न ठेवता सर्व खेळांत राबवले. येथे फुटबॉलचा संबंध उलट्या बाजूने येतो. सर्वोच्च गटातील फुटबॉल संघाला दीर्घकाळ ८५ शिष्यवृत्त्यांची मुभा होती आणि महिलांच्या बाजूला इतका मोठा एकही संघ नसल्याने, कायद्याचा तोल सांभाळण्यासाठी विद्यापीठांना महिलांचे अनेक छोटे संघ उभारावे लागले. काही विद्यापीठांनी पुरुषांचे छोटे संघ बंद करून हा तोल साधला, आणि त्याचा दोष कायद्यावर टाकला. स्टॅनफर्डने मात्र, देणगीदारांच्या मोठ्या आश्रयामुळे, दोन्ही बाजूंचे संघ वाढवत नेले आणि त्यांची संख्या ३६ पर्यंत पोहोचली. महिलांच्या टेनिसमधील २० विजेतेपदे, प्रशिक्षक डिक गूल्ड यांच्या कारकिर्दीत पुरुषांच्या टेनिसमधील १७, शिवाय जलतरण, व्हॉलीबॉल, वॉटर पोलो, जिम्नॅस्टिक्स अशी ही बेरीज वाढत गेली, आणि १९७६-७७ पासून पुढील चार दशकांहून अधिक काळात असे एकही शैक्षणिक वर्ष गेले नाही की ज्यात स्टॅनफर्डने निदान एक राष्ट्रीय विजेतेपद मिळवले नाही. सर्व खेळांतील कामगिरीचे गुण एकत्र करून १९९३-९४ पासून दिला जाणारा ‘डायरेक्टर्स कप’ पहिल्या वर्षी नॉर्थ कॅरोलायनाला मिळाला, त्यानंतर सलग २५ वर्षे स्टॅनफर्डला.

इतका पसारा सांभाळणे सोपे नव्हते हे जुलै २०२० मध्ये दिसले. आर्थिक ओढाताणीचे कारण देऊन स्टॅनफर्डने ३६ पैकी ११ खेळ बंद करण्याची घोषणा केली. त्यांत कुस्ती, पुरुषांचे व्हॉलीबॉल आणि तलवारबाजीही होती. पुढच्या मार्चमध्ये स्टॅनफर्डचा मल्ल शेन ग्रिफिथ विद्यापीठाचे नाव नसलेला साधा काळा पोशाख घालून आखाड्यात उतरला आणि राष्ट्रीय विजेता झाला. माजी खेळाडूंनी निधी गोळा केला, दावे दाखल झाले, आणि मे २०२१ मध्ये विद्यापीठाने निर्णय मागे घेतला.

खेळ वाचले, पण ज्या रचनेत ते वाढले होते ती टिकली नाही. अमेरिकी विद्यापीठीय खेळांचे मूळ एकक ‘कॉन्फरन्स’ हे आहे. एका प्रदेशातील विद्यापीठांनी आपापसांत नियमित सामने खेळण्यासाठी बांधलेला तो संघ. १९१५ साली स्थापन झालेल्या पॅसिफिक किनाऱ्यावरील कॉन्फरन्समध्ये स्टॅनफर्ड, यूएससी आणि यूसीएलए १९२८ पर्यंत एकत्र आले, आणि मधली मोडतोड व फेररचना सोसूनही तिघे शेजारी सुमारे शतकभर एकमेकांशी खेळत राहिले. तिघांनी इतकी विजेतेपदे मिळवली याचे एक मोठे कारण हा शेजारच होता, कारण राष्ट्रीय स्पर्धेआधीच त्यांना राष्ट्रीय दर्जाचा प्रतिस्पर्धी दर आठवड्याला भेटत असे. फुटबॉलच्या प्रक्षेपणहक्कांच्या पैशासाठी ही रचना २०२४ च्या ऑगस्टमध्ये मोडली. यूएससी आणि यूसीएलए मध्यपश्चिमेतील ‘बिग टेन’मध्ये गेले, स्टॅनफर्ड ‘अटलांटिक कोस्ट’ या नावाच्या कॉन्फरन्समध्ये, आणि लॉस एंजेलिसच्या व्हॉलीबॉल खेळाडूंना साखळी सामन्यांसाठी न्यू जर्सीपर्यंत विमानप्रवास करावा लागू लागला. २०२५ च्या एका न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली. खेळाडूंच्या हक्काच्या दृष्टीने ती न्याय्यच आहे, पण ती रक्कम मुख्यतः फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वळत असल्याने छोट्या खेळांसाठी उरणारा पैसा आटत चालला आहे. स्टॅनफर्डच्या १३० हून अधिक एनसीएए विजेतेपदांत फुटबॉलचे एकही नाही आणि पुरुषांच्या बास्केटबॉलचे एकच, १९४२ सालचे, आहे. त्या यादीत यापुढे किती भर पडेल हे मात्र आता याच दोन खेळांच्या करारांवर अवलंबून आहे.